अभियांत्रिकी महाविद्यालयाची निवड: विकल्प अर्ज भरण्यापूर्वी काय तपासावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. एमएचटी-सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत ९४ पर्सेंटाइल मिळाले आहेत. मागच्या वर्षीचे कटऑफ पाहता जिल्ह्याबाहेरच्या एका जुन्या शासकीय महाविद्यालयात विद्युत अभियांत्रिकी मिळू शकते आणि घरापासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या एका खासगी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकी मिळू शकते. वडिलांचा कल पहिल्याकडे आहे, मित्रांचा दुसऱ्याकडे, आणि स्वतःचे मत बनवण्यासाठी नेमके काय पाहायचे हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात सव्वीस वर्षे शिकवले, त्यांपैकी नऊ वर्षे विभागप्रमुख होतो आणि प्रवेशाच्या हंगामात सुविधा केंद्रावर बसून विद्यार्थ्यांची कागदपत्रे तपासण्याचे कामही अनेक वर्षे केले. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की विद्यार्थ्याची चार वर्षे कशी जाणार हे महाविद्यालयाच्या नावापेक्षा तो ज्या विभागात प्रवेश घेतो त्या विभागावरून ठरते. एकाच आवारात, एकाच प्राचार्यांच्या हाताखाली, एक विभाग मन लावून शिकवणारा असतो आणि शेजारच्या विभागात वर्षाच्या मध्यावर विषयाचे शिक्षक बदलत असतात. प्रवेशाच्या वेळी मात्र बहुतेक कुटुंबे महाविद्यालयाची एकूण प्रतिष्ठा विचारतात आणि विभागाची चौकशी करतच नाहीत.

ही चूक माझ्या हातूनही झालेली आहे. माझ्या भाच्याच्या प्रवेशाच्या वेळी मी केवळ नावलौकिक पाहून एका महाविद्यालयाला पहिला क्रमांक द्यायला सांगितले. त्याने घेतलेली शाखा तिथे तीनच वर्षांपूर्वी सुरू झाली होती, कायम शिक्षक अवघे तीन होते आणि बाकीचे तास तासिका तत्त्वावरील शिक्षक घेत असत. तो हुशार आणि चिकाटीचा असल्यामुळे निभावून नेले, पण दुसऱ्या वर्षाचे दोन मूलभूत विषय त्याला पुढे स्वतःच्या बळावर पुन्हा शिकावे लागले. मी एक दिवस काढून त्या विभागात जाऊन आलो असतो तर हे सगळे आधीच दिसले असते, ही खंत मला आजही आहे. म्हणून पुढे जे लिहीत आहे ते मुख्यतः विभाग कसा तपासावा याविषयी आहे.

सुरुवात शिक्षकांपासून करावी. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या निकषानुसार पदवी अभियांत्रिकीत वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. एका शाखेत दरवर्षी ६० जागा असतील तर चारही वर्षांचे मिळून २४० विद्यार्थी होतात आणि त्यांच्यासाठी किमान १२ शिक्षक असायला हवेत. पदविकेनंतर थेट द्वितीय वर्षाला येणारे विद्यार्थी धरले तर गरज आणखी वाढते. शिवाय प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि सहायक प्राध्यापक यांचे प्रमाण १:२:६ असावे अशी अपेक्षा असते, म्हणजे ६० जागांच्या विभागात निदान एक प्राध्यापक आणि दोन-तीन सहयोगी प्राध्यापक दिसले पाहिजेत. मान्यताप्राप्त महाविद्यालयाला आपल्या संकेतस्थळावर ‘मॅन्डेटरी डिस्क्लोजर’ या नावाने शिक्षक, शुल्क, प्रयोगशाळा इत्यादींची माहिती प्रसिद्ध करावी लागते. ती कागदपत्रे डाउनलोड करून आपल्या शाखेच्या शिक्षकांची यादी काढावी आणि तिच्यात रुजू झाल्याची तारीख पाहावी. निम्म्याहून अधिक शिक्षक गेल्या एक-दोन वर्षांत रुजू झालेले असतील तर आधीचे का गेले, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. दहा-पंधरा वर्षे टिकून राहिलेले चार-पाच शिक्षक ज्या विभागात आहेत, तिथे प्रयोगशाळेची घडी बसलेली असते, प्रकल्पांची परंपरा असते आणि जुने विद्यार्थी त्या शिक्षकांच्या संपर्कात असतात. या तिन्ही गोष्टी पैशाने एका वर्षात उभ्या करता येत नाहीत.

इथे संगणक शाखेबाबत एक विशेष सावधगिरी सांगणे आवश्यक वाटते. २०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी एका शाखेतील जागांवरची कमाल मर्यादा काढून टाकली. त्यानंतर अनेक महाविद्यालयांनी संगणक आणि तिच्या जवळच्या शाखांच्या जागा मोठ्या प्रमाणावर वाढवल्या. जागा वाढवणे सोपे असते, त्या प्रमाणात चांगले शिक्षक मिळवणे फार अवघड. आपण ज्या खासगी महाविद्यालयाचा विचार करत आहात तिथे तीन वर्षांपूर्वी संगणकाच्या किती जागा होत्या आणि आज किती आहेत, तसेच कृत्रिम बुद्धिमत्ता, डेटा सायन्स, सायबर सुरक्षा अशा निरनिराळ्या नावांनी सुरू केलेल्या शाखांना तेच शिक्षक वाटून दिले आहेत का, हे पाहावे. पाच शाखांच्या पानांवर तीच तीच नावे दिसली तर कागदावरचे प्रमाण आणि वर्गातली वस्तुस्थिती यांत अंतर आहे असे समजावे.

शासकीय महाविद्यालय म्हणून हा प्रश्न आपोआप सुटतो असे मात्र नाही. तिथेही पदे रिक्त राहतात, बदल्या होतात आणि कंत्राटी किंवा तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर बराच भार पडतो. जुन्या संस्थांचे सामर्थ्य खरे आहे. पुण्याचे सीओईपी १८५४ सालचे, मुंबईचे व्हीजेटीआय १८८७ सालचे, सांगलीचे वालचंद १९४७ सालचे, कराडचे शासकीय महाविद्यालय १९६० सालचे. अशा संस्थांमागे माजी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या उभ्या आहेत आणि त्याचा लाभ आजच्या विद्यार्थ्याला मिळतो. पण हा लाभ प्रामुख्याने संस्थेच्या जुन्या शाखांत असतो. जुन्या संस्थेत अलीकडे सुरू झालेली शाखा ही नव्या विभागासारखीच तपासावी लागते. आपल्याला मिळू शकणारी विद्युत शाखा त्या महाविद्यालयात स्थापनेपासूनची असेल तर ती जमेची बाजू धरायला हरकत नाही.

आता मूल्यांकनांविषयी. नॅक आणि एनबीए या दोन्ही संस्था १९९४ सालच्या, परंतु त्यांचे काम वेगळे आहे. नॅक संपूर्ण संस्थेचे मूल्यांकन करते. तिने आतापर्यंत दिलेली श्रेणी चारपैकी मिळालेल्या गुणांवर ठरत आली आहे. ३.५१ किंवा त्याहून अधिक असेल तर ए प्लस प्लस, ३.२६ ते ३.५० ए प्लस, ३.०१ ते ३.२५ ए, आणि याच क्रमाने खाली. एनबीए मात्र एकेका अभ्यासक्रमाला मानांकन देते, म्हणून आपल्या दृष्टीने तेच अधिक उपयोगी आहे. ‘आमचे महाविद्यालय एनबीए मानांकित आहे’ असे वाक्य जाहिरातीत वाचले की कोणती शाखा आणि कोणत्या वर्षापर्यंत, हे दोन प्रश्न विचारावेत. हे मानांकन तीन किंवा सहा वर्षांसाठी मिळते आणि एखाद्या महाविद्यालयाच्या पाचपैकी दोनच शाखांना ते असणे अगदी सामान्य आहे. सहा वर्षांचे मानांकन मिळालेला विभाग बहुधा चांगला निघतो, असे मी अनुभवाने म्हणू शकतो. पुढे परदेशात शिक्षण किंवा नोकरी करण्याचा विचार असेल तर आणखी एक बारकावा माहीत असावा. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा पूर्ण सदस्य झाला, परंतु त्या कराराखाली एनबीएचे टिअर-१ मानांकनच येते आणि ते विद्यापीठे व स्वायत्त संस्था यांच्या अभ्यासक्रमांसाठी असते. संलग्न, स्वायत्त नसलेल्या महाविद्यालयांना टिअर-२ मानांकन मिळते.

दोन्ही मानांकनांची मर्यादा अशी की तपासणी समिती येते ते दोन-तीन दिवस महाविद्यालयाच्या सर्वांत चांगल्या तयारीचे असतात. मी अशा तयारीत स्वतः भाग घेतला आहे. त्या निमित्ताने नोंदी व्यवस्थित होतात, उपकरणे दुरुस्त होतात, हे चांगलेच आहे, पण पुढची पाच वर्षे तशीच राहतील याची हमी त्यातून मिळत नाही. म्हणून मानांकन नसणे हा गंभीर इशारा मानावा आणि मानांकन असणे ही चौकशीची सुरुवात मानावी.

नोकरीच्या आकड्यांवर थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक दिशाभूल तिथेच होते. महाविद्यालयाच्या फलकावर ‘सर्वोच्च पॅकेज’ मोठ्या अक्षरांत असते. तो आकडा एका विद्यार्थ्याचा असतो आणि आपल्याला तो मिळेल की नाही याविषयी त्यातून काहीच कळत नाही. सरासरीही फसवी असते, कारण दोन-तीन मोठे आकडे ती वर ओढतात. पाहायचा आकडा म्हणजे मध्यक, अर्थात सगळे पगार चढत्या क्रमाने मांडल्यावर अगदी मधोमध येणारा पगार. हा आकडा सार्वजनिकरीत्या मिळण्याचा चांगला मार्ग उपलब्ध आहे. केंद्र सरकारची एनआयआरएफ ही क्रमवारी २०१५ मध्ये सुरू झाली आणि २०१६ मध्ये पहिली यादी प्रसिद्ध झाली. त्यात भाग घेणाऱ्या संस्थेला आपण सादर केलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. क्रमांक चांगला आला नसला तरी ही माहिती तिथे असते. मंजूर जागा, प्रत्यक्ष प्रवेश, ठरलेल्या चार वर्षांत उत्तीर्ण झालेले विद्यार्थी, नोकरी मिळालेले विद्यार्थी, त्यांचा मध्यक पगार आणि उच्च शिक्षणासाठी गेलेले विद्यार्थी, असे सगळे एका तक्त्यात असते.

हा तक्ता कसा वाचावा ते एका काल्पनिक उदाहरणाने सांगतो. समजा, प्रवेश घेतलेले ३०० विद्यार्थी होते, चार वर्षांत उत्तीर्ण झालेले २१०, नोकरी मिळालेले ९०, उच्च शिक्षणासाठी गेलेले २० आणि मध्यक पगार साडेचार लाख रुपये. पहिली गोष्ट, ३०० पैकी ९० जण वेळेत पदवी घेऊ शकलेले नाहीत, म्हणजे शिकवण्यात, परीक्षा पद्धतीत किंवा प्रवेशाच्या वेळच्या तयारीत कुठेतरी मोठी त्रुटी आहे. दुसरी, हा मध्यक फक्त नोकरी मिळालेल्या ९० जणांचा आहे, सगळ्या वर्गाचा नाही. तिसरी, उत्तीर्णांपैकी उरलेल्या १०० जणांचे पुढे काय झाले याचा उल्लेख या तक्त्यात नाही, आणि महाविद्यालयाला विचारण्याचा खरा प्रश्न तोच आहे. हेच तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडले की संस्था चढत आहे की उतरत आहे तेही दिसते. मात्र ही माहिती सगळ्या शाखांची एकत्रित असते. त्यामुळे आपल्या शाखेपुरती यादी प्रशिक्षण व प्लेसमेंट कक्षाकडे मागावी, आणि ती मागताना एकाच विद्यार्थ्याला मिळालेल्या दोन-तीन ऑफर वेगवेगळ्या मोजल्या आहेत का हे विचारावे. ज्या कक्षात ही यादी समोर ठेवून शांतपणे समजावून सांगतात, त्या महाविद्यालयाविषयी माझे मत लगेच चांगले होते.

एनआयआरएफच्या क्रमांकाला किती महत्त्व द्यावे असेही पालक विचारतात. अभियांत्रिकी गटात अध्यापन व साधनसामग्रीला ३० टक्के, संशोधन व व्यावसायिक कार्याला ३० टक्के, पदवीनंतरच्या निष्पत्तीला २० टक्के, सर्वसमावेशकतेला १० टक्के आणि लोकमानसातील प्रतिमेला १० टक्के भार असतो. पदवीच्या विद्यार्थ्याचा संशोधनाशी येणारा संबंध मर्यादित असतो, त्यामुळे साठाव्या आणि नव्वदाव्या क्रमांकातील फरक आपल्या निर्णयाचा आधार होऊ शकत नाही. क्रमांकापेक्षा त्यामागचा तक्ता मोलाचा आहे.

हे सगळे घरी बसून होण्यासारखे आहे. त्यानंतर मात्र दोन्ही महाविद्यालयांत प्रत्यक्ष जावे, आणि शक्यतो महाविद्यालयाने ठरवलेल्या परिचय दिनाखेरीज एखाद्या साध्या दिवशी जावे. द्वितीय आणि तृतीय वर्षांची सत्रे बहुधा जुलैत सुरू झालेली असतात, म्हणजे विकल्प अर्जाच्या, अर्थात महाविद्यालये व शाखा यांचा पसंतीक्रम भरण्याच्या सुमारास वर्ग चालू सापडण्याची शक्यता असते. प्रवेश कक्षात पाच मिनिटे थांबावे आणि तिथून सरळ आपल्या शाखेच्या विभागात जावे. वेळापत्रकाच्या फलकावर एखादा तास लिहिलेला असेल तर तो प्रत्यक्षात चालू आहे का ते पाहावे. प्रयोगशाळेत गेल्यावर उपकरणांची संख्या मोजण्यापेक्षा ती वापरात आहेत का हे पाहणे अधिक उपयोगी ठरते. विद्युत शाखेच्या यंत्र प्रयोगशाळेत मोटरींच्या शाफ्टवर धूळ आहे की हात लागल्याची चकाकी, मीटरच्या जोडण्या नव्याने केलेल्या आहेत का, भिंतीवर सुरक्षिततेच्या सूचना आणि जमिनीवर रबरी चटया आहेत का, एवढे पाहिले तरी बरेच समजते. संगणक प्रयोगशाळेत यंत्रे सगळीकडेच असतात. तिथे विचारायचे ते असे की तास नसताना विद्यार्थ्याला बसू देतात का, संध्याकाळी किती वाजेपर्यंत, आणि स्वतःच्या प्रकल्पासाठी सॉफ्टवेअर टाकण्याची मुभा आहे का. कुलूपबंद प्रयोगशाळा कितीही अद्ययावत असली तरी तिचा विद्यार्थ्याला उपयोग नाही.

मग कँटीनमध्ये किंवा ग्रंथालयाबाहेर तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठावे. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना अजून विभाग कळलेला नसतो आणि अंतिम वर्षाचे नोकरीच्या चिंतेत असतात. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी मूलभूत विषय अनुभवलेले असतात आणि ती मोकळेपणाने बोलतात. ‘कॉलेज कसे आहे?’ असे विचारले की ‘चांगले आहे’ असे उत्तर मिळते आणि त्यातून हाती काही लागत नाही. प्रश्न नेमके हवेत. मागच्या आठवड्यात किती प्रात्यक्षिके झाली, आणि एका उपकरणावर किती जण होते? जर्नल स्वतः लिहिता की मागच्या वर्षीचे उतरवता? मागच्या सत्रात एखाद्या विषयाचे शिक्षक मध्येच बदलले का? वर्गात किती जणांना एटीकेटी आहे, म्हणजे मागचे विषय राहिलेले असताना ते पुढच्या वर्षात आले आहेत? एखादी गोष्ट कळली नाही तर तास संपल्यावर कोणत्या शिक्षकांकडे जाता? या शेवटच्या प्रश्नाला मुलांनी क्षणाचाही विचार न करता दोन-तीन नावे सांगितली, तर तो विभाग जिवंत आहे असे मी मानतो. मुले एकमेकांकडे पाहू लागली, तर तेही उत्तरच आहे.

वसतिगृहात राहणार असाल तर खोली, पाणी, भोजनालय आणि अभ्यासिका पाहावी. प्रथम वर्षाच्या सर्वांना जागा मिळते की गुणवत्तेनुसार मोजक्यांनाच, हे लेखी नियमांत तपासावे. शासकीय महाविद्यालयांत वसतिगृहाच्या जागा मर्यादित असतात आणि बाहेर खोली घ्यावी लागली तर खर्चाचा सगळा हिशेब बदलतो. रॅगिंगविरोधी समितीतील व्यक्तींची नावे व दूरध्वनी क्रमांक दर्शनी भागात लावलेले आहेत का, हेही पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २००९ च्या नियमावलीनुसार अशी व्यवस्था बंधनकारक आहे. रोज घरून ये-जा करण्याचा पर्याय असेल तर प्रवासाचा वेळ प्रामाणिकपणे मोजावा. दिवसाचे दोन तास म्हणजे सत्रातल्या सुमारे नव्वद कामकाजाच्या दिवसांत १८० तास. एवढ्या वेळात एक अवघड विषय उत्तम तयार होतो.

स्वायत्ततेविषयी थोडक्यात. स्वायत्त महाविद्यालय अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवते, पदवी मात्र ज्या विद्यापीठाशी ते संलग्न आहे त्याच विद्यापीठाची मिळते. चांगल्या हातांत स्वायत्ततेमुळे अभ्यासक्रम ताजा राहतो आणि निकाल वेळेवर लागतात. जिथे शिक्षकवर्गच कमकुवत आहे तिथे त्याच सवलतीमुळे प्रश्नपत्रिका सोप्या होतात आणि गुण फुगतात. म्हणून स्वायत्त महाविद्यालयाच्या मागील दोन-तीन सत्रांच्या प्रश्नपत्रिका मिळवून त्या आपल्या ओळखीच्या एखाद्या अभियंत्याला दाखवाव्यात.

खर्चाचा विचार संकोच न करता घरात मोकळेपणाने करावा. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क राज्यातील शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. हे प्राधिकरण २०१५ च्या कायद्याखाली काम करते आणि मंजूर शुल्काची माहिती उपलब्ध असते. त्याव्यतिरिक्त मागितल्या जाणाऱ्या प्रत्येक रकमेची पावती आणि कारण विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी मंजूर शुल्काबाहेर रक्कम घेणे महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे ‘देणगी’ किंवा ‘विकास निधी’ या नावाखाली रोख रक्कम मागणाऱ्या संस्थेपासून दूर राहावे. सवलतींच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा की राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसारख्या योजनांचा लाभ केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून प्रवेश घेतलेल्यांना मिळतो, संस्थास्तरावरील व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला मिळत नाही. खुल्या गटातील, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या विद्यार्थ्यांचे निम्मे शिक्षण शुल्क या योजनेतून भरले जाते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना याच उत्पन्नमर्यादेत २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. शिक्षण शुल्क माफी योजनेच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या ५ टक्के अधिसंख्य, म्हणजे मंजूर जागांपेक्षा जास्तीच्या जागाही असतात. त्यांचे कटऑफ त्याच शाखेच्या सर्वसाधारण जागांपेक्षा बहुतेक वेळा वर असतात, तरीही पात्र असाल तर तो पर्याय अर्जात जरूर घालावा. उत्पन्नाचा दाखला, जात वैधता किंवा नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र यांपैकी जे लागू असेल ते आजच हाताशी ठेवावे. सुविधा केंद्रावर केवळ एका कागदासाठी प्रवर्गाचा लाभ गमावलेली मुले मी दर वर्षी पाहिली आणि त्यांच्या पालकांना काय सांगावे हे मला कधीही सुचले नाही.

आता शाखेचा प्रश्न. मी स्वतः विद्युत शाखेचा आहे, हे ध्यानात ठेवून माझे पुढचे म्हणणे वाचावे. संगणक शाखेकडे जाण्याचे कारण केवळ ‘आज तिला मागणी आहे’ एवढेच असेल तर ते अपुरे आहे, कारण आपण पदवी घ्याल ती चार वर्षांनंतर, आणि तोवर वाढलेल्या जागांतून बाहेर पडलेल्यांची संख्याही मोठी असेल. दुसरीकडे, प्रोग्रामिंगमध्ये खरोखर रस असेल, बारावीच्या सुटीत स्वतःहून काही करून पाहिले असेल, तर केवळ जुन्या नावासाठी विद्युत शाखा घेणे हाही स्वतःवर अन्यायच ठरेल. रस कसा ओळखावा? दोन्ही शाखांच्या तिसऱ्या सत्राचा अभ्यासक्रम डाउनलोड करावा. एका बाजूला विद्युत परिपथ, यंत्रे, विद्युतचुंबकत्व, दुसऱ्या बाजूला डेटा स्ट्रक्चर्स, विविक्त गणित, संगणक रचना. प्रत्येकी एका विषयाच्या पहिल्या प्रकरणाची व्याख्याने एनपीटीईएल या मोफत ऑनलाइन व्याख्यानांच्या संकेतस्थळावर ऐकावीत, दिलेली उदाहरणे वहीत सोडवावीत आणि तीन दिवसांनी कोणत्या वहीकडे हात आपसूक जातो ते पाहावे. विद्युत शाखेतून सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांचे दार बंद होत नाही, कारण अनेक सॉफ्टवेअर कंपन्या कॅम्पस मुलाखतींत सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांना बसू देतात. उलट दिशेने मात्र वाट अरुंद आहे. महापारेषण, महावितरण किंवा गेट या पदवीनंतरच्या राष्ट्रीय परीक्षेमार्गे भरती करणाऱ्या एनटीपीसी व पॉवर ग्रिडसारख्या कंपन्यांतील विद्युत अभियंत्यांची पदे त्याच शाखेच्या पदवीधरांसाठी असतात. प्रथम वर्षानंतर शाखा बदलून घेऊ, या भरवशावर प्रवेश घेऊ नये. तशा जागा मोजक्या असतात आणि त्या वर्गात अगदी वरच्या क्रमांकावर असणाऱ्यांना मिळतात.

विकल्प अर्ज भरताना सर्वांत जास्त गैरसमज असतो तो क्रमाविषयी. कॅपमध्ये संगणक प्रणाली आपला पहिला विकल्प आपल्या गुणवत्ता क्रमांकाशी ताडून पाहते, तो मिळत नसेल तर दुसरा, मग तिसरा. वर लिहिलेला विकल्प आवाक्याबाहेरचा निघाला म्हणून खालच्या विकल्पावरचा आपला हक्क कमी होत नाही. त्यामुळे ‘मिळेल असा’ विकल्प सुरक्षिततेपोटी वर लिहिणे ही मोठी चूक आहे, आणि आता तर ती अधिक महाग पडते. २०२५-२६ च्या प्रक्रियेत चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिला विकल्प मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एखादा मिळाला, तर ती जागा आपोआप फ्रीझ होत होती, म्हणजे ती स्वीकारावीच लागत होती आणि पुढच्या फेऱ्यांत सुधारणेची संधी उरत नव्हती. अशा पद्धतीत पहिले सहा विकल्प म्हणजे जवळजवळ शब्द देण्यासारखे असतात. जिथे जायची मनापासून इच्छा नाही असा एकही विकल्प त्यांत असू नये. फेऱ्यांचे नियम दर वर्षी थोडेफार बदलतात, म्हणून सीईटी कक्षाची त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः पूर्ण वाचावी.

कटऑफच्या यादीत प्रत्येक आकड्यावर एक संकेत असतो. त्याचे पहिले अक्षर जी असेल तर ती सर्वसाधारण जागा, एल असेल तर मुलींसाठीची. शेवटचे अक्षर एच म्हणजे गृह विद्यापीठ (आपण जिथून बारावी केली त्या भागाचे विद्यापीठ), ओ म्हणजे गृह विद्यापीठाबाहेरील आणि एस म्हणजे राज्यस्तरीय. आपल्याला लागू नसलेल्या रकान्यातला आकडा पाहून कित्येकांनी चुकीची आशा किंवा चुकीची निराशा बाळगलेली मी पाहिली आहे. एकाच वर्षाचा आकडा न पाहता तीन वर्षांचे आणि प्रत्येक फेरीचे आकडे पाहावेत, आणि पर्सेंटाइलसोबत दिलेला गुणवत्ता क्रमांकही पाहावा. जागा वाढल्या असतील तर जुना कटऑफ खाली सरकू शकतो, हेही ध्यानात घ्यावे.

आपल्या बाबतीत माझा सल्ला असा. दोन्ही महाविद्यालयांची विभागवार शिक्षकयादी आणि एनआयआरएफचे तक्ते आज-उद्या काढून घ्यावेत. त्या दोघांच्या जोडीला तुमच्या गुणवत्ता क्रमांकाच्या आसपासची आणखी आठ-दहा महाविद्यालये याच पद्धतीने पाहावीत, कारण आपला खरा पर्याय दोनच नावांत अडकलेला नाही, आणि एखाद्या मध्यम नावाच्या महाविद्यालयात उत्तम विभाग सापडतो हे मी अनेकदा पाहिले आहे. त्यानंतर वडिलांना सोबत घेऊन निदान तीन ठिकाणी जाऊन यावे. शासकीय महाविद्यालयातील विद्युत विभागात निकषाच्या आसपास कायम शिक्षक असतील, प्रयोगशाळा वापरातल्या असतील आणि तुम्हाला परिपथांची वही आवडली असेल, तर मी तो विकल्प निःशंकपणे वर ठेवीन. कमी शुल्क आणि घराबाहेर राहण्याचा अनुभव या दोन्ही गोष्टी तुमच्या कामी येतील. खासगी महाविद्यालयातील संगणक विभाग शिक्षकांच्या बाबतीत भक्कम निघाला आणि प्रोग्रामिंगची ओढ खरी असेल, तर क्रम उलटा करावा आणि त्याविषयी मनात किंतू ठेवू नये. दोन्ही विभाग तपासणीत उणे ठरले, तर तिसऱ्या महाविद्यालयाला पहिला क्रमांक द्यावा, मग त्याचे नाव नातेवाइकांना ओळखीचे असो वा नसो. वडिलांशी बोलताना ही शिक्षकयादी आणि तीन वर्षांचे तक्ते त्यांच्यासमोर ठेवावेत. आकडे समोर असले की बोलणे नावावरून कामावर येते. अर्ज निश्चित करण्याच्या आदल्या रात्री क्रम एकदा मोठ्याने वाचून पाहावा, छापील प्रत वडिलांच्या हातात द्यावी आणि लॉगिनचा पासवर्ड सायबर कॅफेवाल्यासह कोणालाही सांगू नये.